सरपंचाचे दात

कामोठ्यात मला खोली मिळाली ती माझ्या मांजरीच्या दातांवर. खरं म्हणजे मिळता मिळता राहिली होती, तीही दातांमुळेच.

त्याआधी मी पनवेलमध्ये पायाला भिंगरी लावून घरं बघत होते. सगळ्या घरमालकांचे प्रश्न ठरलेले. लग्न झालंय का, नसेल तर का नाही, ऑफिसातून उशीर होतो का, भेटायला कोण कोण येणार. माझ्या उत्तरांनी अर्धा नाराज झालेला माणूस माझ्या पिशवीतून 'म्याँव' ऐकलं की पुरताच नाराज व्हायचा. कामोठे गावातल्या त्या तीन मजली बिल्डिंगच्या मालकीणबाईंनी यातलं काहीएक विचारलं नाही. त्या ओट्यावर बसून मिसरी लावत होत्या. मला बघून त्यांनी चूळ भरली, हात साबणानं खसाखसा धुतले आणि म्हणाल्या, "मांजर काढ भायेर. तोंड बगू."

"माझं?"

"तुज्या तोंडाशी मना काय करायचंय?"

चिंगीला मी स्वतः हात लावायला दोनदा विचार करायचे, इतकी ती नखरेल. मालकीणबाईंनी, म्हणजे सगळ्यांच्या मावशींनी, तिला मांडीवर घेतलं, अंगठ्यानं ओठाचा कोपरा वर केला, आत डोकावून पाहिलं, वास घेतला आणि सोडून दिलं. चिंगीला नखं काढायची आठवण झाली तोवर कार्यक्रम आटोपला होता.

"वास मारतंय. हिरड्या लाल हायेत. मागच्या दाडंवर पिवला थर. कदी घासलेस हिचे दात?"

"मांजरीचे दात घासतात?" मी विचारलं, आणि पस्तावले. मावशींनी मान वर करून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला हाक मारली, "आवो, आयकलं का! एवढी शिकलेली पोर, अन् इचारते मांजरीचे दात घासतात का!" वरच्या गॅलरीतून काकांनी खाली बघून खेदानं मान हलवली. मग मावशी म्हणाल्या, "खोली देते. पन पुढल्या महिन्यात परत बगनार. पिवलं दिसलं तं मांजर हितं राहील, तू जाशील."

असा आमचा भाडेकरार झाला. कागदावरचा नंतर झाला, पण त्यात मांजरीचा उल्लेख नसल्यामुळे मावशींनी त्याला कधी किंमत दिली नाही.

मावशी आगरी. सासरची शेती आणि माहेरची मिठागरं दोन्ही नव्या शहराच्या सेक्टरांच्या पोटात गेलेली, आणि गावठाणात उरलेल्या जागेवर ही बिल्डिंग. हातात कोपरापर्यंत सोनं, गाऊनवर ओढणी, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला मोबाइल लावायची गरज पडू नये. रोज संध्याकाळी त्या हातातलं सोनं काढून गाऊनच्या खिशात टाकत. तो खिसा खळखळला की बिल्डिंगमधली, गल्लीतली आणि कुणाचीच नसलेली सगळी कुत्री-मांजरं जिन्यापाशी जमायची. मावशी शेवटच्या पायरीवर बसायच्या. तर्जनीला जुन्या मऊ लुगड्याचं फडकं गुंडाळायचं, त्यावर पनवेलच्या डॉक्टरांकडून आणलेली जनावरांची पेस्ट घ्यायची, आणि एकेकाला पुढे ओढायचं. त्या पेस्टला कोंबडीच्या रश्श्याची चव असते. मला हे ठाऊक आहे, कारण मावशींनी मला ती चाखायला लावली होती.

सुरुवातीला म्हणे त्या घरातलीच पेस्ट कुत्र्यांना लावायच्या. पनवेलच्या डॉक्टर ताईंनी त्यांना चांगलंच झापलं. कुत्रं काही चूळ भरत नाही, सगळं गिळतं, आणि आपली पेस्ट त्याच्या पोटात विष होऊ शकते, म्हणाल्या. तेव्हापासून मावशींनी माणसांच्या पेस्टवर बहिष्कार टाकला. "जी कुत्र्याला चालत नाय ती मना कशाला?" असं म्हणून त्या स्वतः मिसरीवरच राहिल्या. त्यांचे स्वतःचे दात काळेभोर होते, आणि त्याबद्दल बोललेलं त्यांना खपत नसे. मी एकदाच बोलले.

"मावशी, तुम्ही जगाचे दात घासता. स्वतःचे बघा की."

"मना दुखलं तं मी बोंबलंन," त्या म्हणाल्या. "सगल्या कामोठ्याला आयकू जाईल. हा काय बोलनार?" आणि ज्याच्या तोंडात त्यांचं बोट होतं त्या बोक्याकडे मायेनं बघत त्या त्याची पलीकडची दाढ घासायला लागल्या. मावशींचं सगळं वेड मला त्या दिवशी कळलं असं मला वाटतं. हा नाद कसा लागला, याची कारणं त्या दर वेळी वेगळी सांगायच्या. एकदा म्हणाल्या, माहेरी मिठागरावर एक कुत्री होती, ती सडक्या दातापायी उपाशी मेली. एकदा म्हणाल्या, टीव्हीवर बघितलं. एकदा म्हणाल्या, "मना आवडतं. तुला काय?" मी तिन्ही खरी मानते.

भाडेकरूंना मात्र या छंदाचा चांगलाच काच होता. जिन्यात भेटल्या की मावशी 'जेवलीस का' विचारायच्या नाहीत, "घासलंस का?" विचारायच्या. ज्यांच्याकडे जनावर नव्हतं तेही दचकून घरात जायचे आणि ब्रश करायचे. पेस्ट संपत आली की त्यांचा संशय आमच्यावर. "एवडी पेस्ट कुनी दाबली? मटाराएवडी घ्यायची सांगितलंय ना!" असं म्हणत त्या माझ्याकडे रोखून बघायच्या. मी चिंगीची शपथ घेऊनही त्यांचा विश्वास बसत नसे.

गल्लीत एका घरी हळद होती. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाच्या वरताण. मटणाची पातेली, डीजे, सगळा गाव अंगणात नाचतोय. पंगती उठायला लागल्या आणि लोकांनी हाडं कुत्र्यांपुढे टाकायला सुरुवात केली. मावशी तरातरा डीजेकडे गेल्या, त्याचा माइक हातात घेतला आणि गाणं बंद करायला लावलं. लोकांना वाटलं, आहेराची घोषणा आहे. "मंडली," मावशी म्हणाल्या, "शिजवलेलं हाड कुत्र्याला घालू नका. दात फुटतो. ज्याच्या ताटातलं हाड कुत्र्याच्या तोंडात दिसंल त्याला मी बगून घेईन. नवरीला आशीर्वाद." आणि माइक परत दिला. वऱ्हाडी हसून हसून लोळायचे बाकी राहिले. मी मात्र लोकांना हाडं पानाखाली लपवताना पाहिलं. मावशी बगून घ्यायच्या म्हणजे खरंच घ्यायच्या.

फक्त एक तोंड मावशींना कधी उघडायला मिळालं नाही. ते सरपंचाचं.

सरपंच म्हणजे त्यांच्या सासूबाईंचा कुत्रा. पिल्लू असताना तो ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसायचा म्हणून हे नाव. पुढे ग्रामपंचायत गेली, महापालिका आली, पण याला कुणी पदावरून काढलं नाही. सासूबाई गल्लीच्या पलीकडे, समोरच्या जुन्या घरात, धाकट्या मुलाकडे राहायच्या. वय नव्वदीच्या घरात, पण कणा ताठ. त्या पंचक्रोशीतल्या नावाजलेल्या धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई ती धवलारीण, आणि तिच्या शब्दापुढे भटजीही नमतं घेतो. मावशी कुत्र्यांचे दात घासताना त्यांचेच धवले गुणगुणायच्या. सूर मात्र त्यांच्याकडे अजिबात नव्हता. समोरच्या ओटीवरून सासूबाई ओरडायच्या, "अगो, गातेस का कुत्र्याला घाबरवतेस?"

या दातघाशीवर सासूबाईंचं मत ठाम होतं. "येडी हाय ती. कुत्र्यानं दात घासायचे आसते तं देवानं त्याला हात दिला आसता."

"मग मानसाला दिलेत ते कशाला?" मावशी इकडून.

"माज्या सरपंचाच्या तोंडात बोट घातलंस तं बग!"

हा संवाद रोजचा होता आणि दोघींना तो मनापासून आवडत असावा. पण सासूबाईंनी सुनेला कधी बरं म्हटलेलं मी ऐकलं नाही. तसं त्यांनी कुणालाच बरं म्हटलेलं ऐकलं नाही म्हणा. मनातलं बोलायचं नाही, हा त्यांचा बाणा. त्यांची दोन मुलं, म्हणजे आमचे काका आणि धाकटा, एका भाद्रपदात गणपतीची मूर्ती पुढच्या दारानं आत न्यायची की मागच्या, यावरून भांडली. तेव्हापासून गल्लीच्या दोन बाजूंना दोन गणपती आणि दोन स्पीकर. सासूबाई एकाही आरतीला जायच्या नाहीत. बरोबर गल्लीच्या मधोमध खुर्ची टाकून, पायाशी सरपंचाला घेऊन बसायच्या आणि दोन्हीकडून येणारी आरती ऐकायच्या. त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. खुर्चीमुळे रिक्षा अडायच्या, तरी त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नाही.

त्या हळदीनंतर थोड्याच दिवसांनी सासूबाई गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. सोन्यासारखं मरण आलं असं सगळा गाव म्हणत होता. दहाव्याला कावळाही लगेच शिवला. सगळे सुटकेचा निःश्वास टाकून घरी आले, आणि तेव्हा धाकट्याच्या लक्षात आलं की सरपंच काही खात नाहीये.

तसा तो गेले काही दिवस खात नव्हताच, नुसती पेज चाटायचा, पण गडबडीत कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. आता बघतात तर बरगड्या दिसायला लागलेल्या. भाकरी पुढे ठेवली, हुंगून मागे सरकला. दहाव्याच्या पानातला वडा ठेवला, तोंडात घेतला आणि टाकला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बातमी गावभर झाली, आणि त्या संध्याकाळी ओटीवर ही गर्दी. कुणीतरी म्हातारं म्हणालं, "कावल्याला काय कलतंय? म्हातारीचा जीव त्या कुत्र्यात व्हता. तिची इच्छा राहिलीय."

झालं. कावळा शिवला नाही की आपण जे करतो ते सगळं लोक कुत्र्यासमोर करायला लागले. काकांनी हात जोडून सरपंचाला सांगितलं, "आय, तंबाखू सोडतो." सरपंच ढिम्म. धाकट्याच्या मुलानं कॉलेज पुरं करायचं कबूल केलं. सरपंचानं तोंड फिरवलं. शेवटी धाकटा पुढे आला. तो तसा दांडगा, तापट माणूस, पण गुडघ्यावर बसला आणि रडतच म्हणाला, "आय, या वर्षापासून एकच गनपती. दादाच्या शेजारी बसून आरती करंन. पन खा." सगळी ओटी श्वास रोखून बघत होती. सरपंच उठला, भाकरीजवळ गेला, मान तिरकी करून एक तुकडा उचलला, आणि कुंईं करून खाली टाकला.

"झाल्या शपथा?" मागून आवाज आला. "आता मना बगू द्या. त्याचा दात दुखतोय."

ओटीवर असा काही गलका झाला की विचारू नका. आय जाऊन दहा दिवस झाले नाहीत आणि हिला दात सुचतायत! जिती होती तेव्हा जिच्याशी पटलं नाही, तिच्यामागं तिच्या कुत्र्याचं दुःखही हिला बघवत नाही! मावशी एरवी गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या, पण त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "नुसता शोक आसता तं पेज बी पिली नसती. पेज पितोय. चावायचं म्हटलं का रडतोय. डोल्याखाली सूज बगा, उजवीकडं. दाडंत पू झालाय."

धाकटा म्हणाला, "डाक्टर भूल देईल. म्हातारा कुत्रा, त्यात उपाशी. उठला नाय तं?"

मला वाटलं, मावशी आता काहीतरी फाडकन बोलतील. त्या थांबल्या. चेहरा उतरला होता. त्यांनाही तीच भीती होती, हे दिसत होतं.

"नाय उठला तं गावाला सांगा, सुनेनं मारला," त्या म्हणाल्या. "पन असा तडफडून मरू द्यायचा नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतकातल्या मावशी, काका, सरपंच आणि मी असे एका रिक्षातून पनवेलला निघालो. मी ऑफिसला दांडी मारली होती, कारण मला घरी थांबवेना. मागून धाकटा मोटारसायकलवर. रिक्षावाल्यानं कुत्र्याला नाही म्हणायला तोंड उघडलं, मावशींचा चेहरा बघितला आणि मिटलं.

डॉक्टर ताईंनी सूज बघितली, रक्त तपासलं आणि काही लपवलं नाही. मागची मोठी दाढ फुटली असणार आणि मुळाशी पू झाला असणार. काढली नाही तर तो खाणार नाही. काढायची तर भूल द्यावी लागेल, आणि या वयात, या तब्येतीत खात्री देता येत नाही. धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मावशी सरपंचाच्या डोक्याशी बसल्या. त्याला सुई टोचताना त्या सासूबाईंचा धवला गुणगुणत होत्या, नेहमीसारखाच बेसूर. सरपंचानं कान हलवला, आणि मान त्यांच्या हातावर टाकून झोपला.

बाहेरच्या बाकावर आम्ही चौघं बसलो. मावशींनी मिसरीची डबी काढली, उघडली, परत मिटून ठेवली. आतून उपकरणांचा आवाज यायचा आणि थांबायचा. तो थांबला की मावशी माझा हात दाबायच्या, सोनं माझ्या मनगटात रुतायचं.

शेवटी दार उघडलं. डॉक्टर ताई हसत होत्या. "उठतोय. मान उचलली. दाढ उभी चिरली होती, हाड चावलं असणार. हळदीबिळदीचं."

धाकट्यानं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. मावशींनी डोळे मिटून हात जोडले.

"पण एक सांगू का," डॉक्टर ताई पुढे म्हणाल्या, "ती एक दाढ सोडली तर या वयाच्या कुत्र्याचे इतके स्वच्छ दात मी बघितले नाहीत. हिरड्या तर पिल्लासारख्या. मावशी, तुमचा हात म्हणजे हात आहे."

"माजा?" मावशी म्हणाल्या. "या एका तोंडाला मना कुनी हात लावू दिला नाय."

"मग दुसरं कुणीतरी रोज घासतंय. आपोआप असे राहत नाहीत."

बाकावर काका खाकरले. काका दिवसाकाठी मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं, "आय घासायची."

मावशी गर्रकन वळल्या. "कोन?"

"आय. दुपारची, तू झोपलीस का. फडकं गुंडालून, तू करतेस तसंच. तुज्या डब्यातली पेस्ट मी न्यून द्यायचो. तुला सांगायचं नाय म्हनून शपथ घातलेली तिनं."

"म्हनून माजी पेस्ट सपत व्हती!" मावशी ओरडल्या. माझ्याकडे बघून त्यांनी जीभ चावली. मग आवाज खाली आला. "काय म्हनायची? माज्याबद्दल काय बोलायची का?"

"काय नाय," काका म्हणाले. "घासायची."

मावशी बाकावर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना ओढणी लावली. ती त्यांनी बराच वेळ काढली नाही. मलाही रडू आलं, कशाचं ते मला आजही नीट सांगता येत नाही. येताना रिक्षात मावशींच्या मांडीवर झिंगलेला सरपंच होता, आणि त्या मधूनच त्याचा ओठ हळूच वर करून आत बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सरपंचानं मऊ भात आणि माशाचा पातळ रस्सा खाल्ला. ताट चाटून पुढे ढकललं आणि अजून मागितलं. ओटीवर गावातली माणसं जमली होती, ती टाळ्या पिटायला लागली. गर्दी पांगल्यावर धाकटा मावशींजवळ येऊन घुटमळला.

"म्हनजे दातच व्हता, वैनी. आयची इच्छाबिच्छा काय नव्हती. मग ते गनपतीचं मी जे बोललो..."

मावशींनी सरपंचाचं ताट उचललं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मला इतका हळू ऐकू आला.

"नव्हती कशी, भावजी? तुमच्या आयनं मनातलं कदी तोंडानं सांगितलंय का? मना बरं म्हनायचं व्हतं, ते कुत्र्याच्या दातांत ठेवून गेली. तुमच्यासाठी काय ठेवलंय ते शोधत बसू नका. एकच बसंल."

धाकट्यानं त्यांच्या हातातून ताट घेतलं आणि विसळायला गेला. त्या भाद्रपदात एकच बसला.